सप्टेंबरपर्यंतचा पासपोर्ट आणि मे महिन्यातली सहल

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी साठीच्या आसपासच्या आहेत. यजमान नुकतेच निवृत्त झाले आणि दोन मित्र-जोडप्यांबरोबर मोठी सहल ठरली. 6 मे रोजी निघायचं, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम करून 19 मे रोजी दुबईत उतरायचं, तिथे तीन रात्री राहून 22 तारखेला घरी. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, 7 एप्रिलची वेळ मिळाली आहे. अडचण अशी, की यजमानांच्या पासपोर्टची मुदत 9 सप्टेंबरला संपते. ते म्हणतात, "सहल मेमध्ये संपतेय, पासपोर्ट सप्टेंबरात. पैसे भरून घेतलेली मुदत फुकट कशाला घालवायची?" सहलीतली मैत्रीण ठामपणे सांगते, की सहा महिने शिल्लक नसतील तर जगात कुठेच घेत नाहीत. तिकिटं काढून देणारे एजंट म्हणतात, "काही होत नाही हो, आमची कितीतरी माणसं अशीच गेली आहेत." घरात रोज यावरून वाद. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "माझ्या पासपोर्टला अजून तीन वर्षं आहेत, त्यामुळे माझा काही प्रश्न नाही. मुलीकडे फेऱ्या झाल्यामुळे पानं भरत आलीत, पण चार कोरी आहेत, म्हणजे शेवटची नोंदींची दोन धरून. मध्ये एकदा पावसात भिजला होता, फोटोच्या पानावरच्या प्लॅस्टिकची कड जराशी सुटली आहे, बाकी उत्तम. पण ह्यांना कसं समजावू? की मीच उगाच घाबरते आहे?"

उत्तर

तुमच्या घरातल्या वादात तिघांची मतं आहेत आणि तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत. यजमान युरोपपुरते बरोबर आहेत. मैत्रीण दुबईपुरती बरोबर आहे. आणि एजंटांचं म्हणणं खोटं असेल असं मला वाटत नाही. त्यांची माणसं गेली असतील, परतही आली असतील. फक्त ती कुठे गेली होती, कोणत्या महिन्यात, मध्ये कुठे थांबली होती, हे त्या एका वाक्यात येत नाही. पासपोर्टच्या बाबतीत सगळा खेळ नेमका त्यातच असतो.

आधी युरोपचा हिशेब करू, कारण तो तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. शेंगेन देशांचा नियम असा, की तुम्ही तिथून बाहेर पडण्याचा जो दिवस ठरवला आहे, त्या दिवसापासून पुढे किमान तीन महिने पासपोर्ट चालायला हवा. तुम्ही 19 मे रोजी रोमहून निघणार. त्यात तीन महिने मिळवा, 19 ऑगस्ट. पासपोर्ट 9 सप्टेंबरपर्यंतचा. म्हणजे तीन आठवडे हाताशी ठेवून यजमान पास. दुसरी अट जास्त गमतीची आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते: शेंगेनमध्ये प्रवेश करताना पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. ही अट कशाला, दहा वर्षांहून जास्त मुदत असतेच कुठे, असं वाटेल. पण ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2018 पर्यंत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत असत, जास्तीत जास्त नऊ. त्यामुळे तिथे दहा वर्षं नऊ महिने चालणारे पासपोर्ट लोकांच्या हातात होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा नियम त्या लोकांना लागू झाला आणि मुदत शिल्लक असलेले पासपोर्ट घेऊन माणसं काउंटरवरून परत फिरली. तेव्हा यजमानांच्या पासपोर्टवर मुदत संपण्याची तारीख पाहिलीत तशी काढल्याची तारीखही पाहून ठेवा. बहुधा अडचण निघणार नाही, पण पाहायला दोन सेकंद लागतात.

आता दुबई. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून उतरताना पासपोर्ट आगमनाच्या दिवसापासून पुढे सहा महिने चालणारा लागतो. 19 मे अधिक सहा महिने म्हणजे 19 नोव्हेंबर. सप्टेंबरचा पासपोर्ट इथे चालत नाही, विषय संपला. जवळजवळ दोन आठवडे युरोपात सुखाने काढून, परतीच्या वाटेवरच्या तीन रात्रींसाठी अडकायचं, असा हा प्रकार आहे. आणि अडकायचं ते दुबईत नाही, रोमच्या विमानतळावर. कारण तिथला चेक-इन काउंटरच तुम्हाला पुढे सोडणार नाही. कदाचित त्याच्याही आधी, कारण तिकीट सलग असेल तर निघतानाच सगळा मार्ग तपासला जातो.

म्हणून यजमानांशी बोलताना वाद थोडा वेगळ्या जागेवरून सुरू करा. पासपोर्टवर तारीख एकच छापलेली असते, पण प्रत्येक देशाच्या लेखी ती वेगळी असते. ब्रिटनला जायचं असेल तर तिथे राहण्याच्या काळापुरता पासपोर्ट चालू असला की पुरतं, म्हणजे यजमानांचं पुस्तक तिथे 9 सप्टेंबरपर्यंत जिवंत आहे. शेंगेनपुरतं ते 9 जूनला संपतं, कारण त्यानंतर तिथून बाहेर पडलात तर तीन महिने उरत नाहीत. आणि दुबईपुरतं ते 9 मार्चला संपतं. ज्या चार महिन्यांवर यजमानांचा जीव आहे, ते दुबईच्या हिशेबात आधीच वजा झालेले आहेत. रिन्यू केल्याने ते वाया जाणार नाहीत. जायचे तेव्हा गेले.

"पैसे भरून घेतलेली मुदत" हा मुद्दा मात्र मला पटकन उडवून लावावासा वाटत नाही. तो हिशेबी माणसाचा मुद्दा आहे आणि त्यात तर्क आहे. दहा वर्षांचा पासपोर्ट घेतला तर दहा वर्षं वापरता यायला हवा. पण व्यवहारात तो साडेनऊ वर्षांचाच असतो, हे एकदा मान्य केलं की पुढचा मनस्ताप वाचतो. त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि हे हिशेब त्यांनाच करू द्या. निवृत्त माणसाला कोणी समजावलेलं आवडत नाही. आकडे स्वतःच्या हाताने लिहिले की पटतात.

मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दलही बोलायला हवं, कारण "सहा महिने सगळीकडे" हे वाक्य इतकं पसरलंय की लोक त्याला जागतिक कायदा समजतात. तसा कायदा नाही. सिंगापूर, इंडोनेशिया सहा महिने मागतात, हे खरं. पण न्यूझीलंडला निघण्याच्या दिवसापुढे तीन महिने लागतात, हाँगकाँगला मुक्कामापुढे एक महिना, दक्षिण आफ्रिकेला परतीच्या दिवसापुढे तीस दिवस. जपान आणि कॅनडा राहण्याच्या काळापुरता चालू पासपोर्ट घेतात. अमेरिकेची तर मजाच आहे: नियम सहा महिन्यांचा, पण पुष्कळ देशांशी त्यांचा असा समझोता आहे, की त्या देशाचा पासपोर्ट मुदत संपल्यावरही सहा महिने चालू आहे असं धरायचं. त्या यादीतल्या देशांच्या नागरिकांना मग मुक्कामापुरती मुदत पुरते. म्हणजे "अमेरिकेला सहा महिने लागतात" आणि "अमेरिकेला लागत नाहीत" ही दोन्ही वाक्यं बरोबर असू शकतात. पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावर ते ठरतं.

आणखी एक फरक सगळे गिळून टाकतात. सहा महिने कधीपासून? उतरल्याच्या दिवसापासून की परत निघण्याच्या दिवसापासून? चार दिवसांच्या सहलीत हा फरक किरकोळ, पण मुलीकडे तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तो तीन महिन्यांचा आहे. नियम वाचताना आकड्याच्या मागचे शब्द वाचा. तारखा मोजताना आजपासून मोजू नका, तिकीट काढलं त्या दिवसापासून तर नाहीच नाही.

हे महिने मुळात मागतात कशासाठी, असा प्रश्न यजमान विचारतील, आणि तो रास्त आहे. पाहुणा दहा दिवसांसाठी आला आणि पाय मोडून दवाखान्यात पडला, विमानं बंद झाली, किंवा त्याला परत पाठवायची वेळ आली, तर त्याच्या हातात चालू पासपोर्ट असावा, एवढाच त्यामागचा हेतू. पासपोर्टची मुदत संपलेल्या माणसाला त्याच्या देशात परत पाठवणं, तो जिथे आलाय त्या देशाला कटकटीचं होतं. आपल्या सोयीचा विचार त्यात फारसा नाही.

यातला सगळ्यात कमी समजला गेलेला भाग म्हणजे विमान कंपनीची भूमिका. लोक म्हणतात, "इमिग्रेशनवाल्याला समजावून सांगू." तिथवर पोचलात तर ना. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा जो 1944 चा शिकागो करार आहे, त्याच्या नवव्या परिशिष्टात विमान कंपन्यांवर जबाबदारी टाकली आहे, की प्रवाशाकडे पुढच्या देशासाठी लागणारी कागदपत्रं आहेत याची खातरजमा चढतानाच करायची. प्रवेश नाकारलेल्या माणसाला माघारी न्यायचं कामही कंपनीच्या गळ्यात पडतं. वर अनेक देश दंड लावतात. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशात तो माणशी हजारो युरोंचा आहे. आता सांगा, काउंटरवरची मुलगी तुमच्या "काही होत नाही हो" वर विश्वास ठेवून तो धोका पत्करेल?

ती मुलगी काय करते, तर तुमचं राष्ट्रीयत्व, मार्ग आणि तारखा घालून संगणकावर नियम पाहते. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयाटाने, त्यासाठी टिमॅटिक नावाची माहितीसूची ठेवली आहे आणि जगभरच्या कंपन्या ती वापरतात. तिथे "नाही" आलं की चर्चा जवळजवळ संपते. तुमचा स्वभाव, वय, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, डोळ्यातलं पाणी, काहीही त्या पडद्यावर दिसत नाही. आणि कागदपत्रं अपुरी म्हणून चढू दिलं नाही तर नुकसानभरपाई मिळत नाही. युरोपातला विमान प्रवाशांच्या हक्कांचा 2004 चा नियम चांगला दमदार आहे, पण त्यातूनही अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी सरळ वगळला आहे. प्रवास विम्याचंही साधारण असंच. पॉलिसी वाचून पाहा.

हे मी पुस्तकी सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही घरातले चौघं एका काउंटरवर उभे होतो. चौघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले, म्हणून मी माझ्यावरची तारीख पाहिली आणि चौघांचा हिशेब झाला असं समजून टाकलं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लक्षातच आलं नाही. मुलीच्या पासपोर्टला जेमतेम पाच महिने उरले होते आणि आम्हाला सहा हवे होते. तिच्या हातात रंगीत बॅग, पाठीवर बाहुली. पुढचा तासभर काय झालं ते लिहीत नाही. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येकाचं पुस्तक वेगळं उघडते.

आणि इथेच तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यावर येते, जे तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलंत: "माझा काही प्रश्न नाही." ताई, खरं सांगू? यजमानांच्या पासपोर्टपेक्षा मला तुमच्या पासपोर्टची जास्त काळजी वाटते. त्यांची अडचण तारखेची आहे; ती सगळ्यांना दिसते, तिच्यावर भांडता येतं, आणि ती रिन्यू करून सुटते. तुमची अडचण कोणी पाहिलेलीच नाही, कारण घरात "ह्यांचा पासपोर्ट" हाच विषय झाला आहे.

पानांपासून सुरुवात करू. शेवटची नोंदींची पानं व्हिसासाठी किंवा शिक्क्यांसाठी कोरी म्हणून धरत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे चार नाहीत, दोन कोरी पानं आहेत. शेंगेन व्हिसासाठी किमान दोन लागतात, तेव्हा तुम्ही अगदी काठावर आहात. अर्ज घेतला जाईल. पण एक पान व्हिसा खाईल, उरलेल्या पानावर शिक्के बसतील, आणि पुढच्या वेळी मुलीकडे जायचं म्हटलं की हा पासपोर्ट, तीन वर्षं शिल्लक असूनही, कामाचा राहणार नाही. मुदतीआधी पानं संपणं ही नियमित फेऱ्या करणाऱ्या आईवडिलांची नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे नवा काढताना जास्त पानांचा पासपोर्ट मिळतो का, हे विचारून घ्या.

त्याहून गंभीर ती सुटलेली कड. फोटोच्या पानावरचं प्लॅस्टिक उचललेलं असणं म्हणजे, तपासणाऱ्याच्या नजरेने, फोटो बदलला असण्याची शक्यता. तो पाऊस त्याने पाहिलेला नाही. त्याच पानाच्या तळाशी ज्या दोन ओळींत बाणांसारखी चिन्हं आणि अक्षरं दिसतात, त्या यंत्राने वाचायच्या असतात. तुमची जन्मतारीख, मुदत, क्रमांक सगळं तिथे आहे. ती जागा ओलीने फुगली किंवा धूसर झाली तर यंत्र वाचत नाही. खराब झालेल्या पासपोर्टच्या बाबतीत काही देश फार कडक आहेत, इंडोनेशियाचं नाव त्यात वारंवार येतं. एका देशातून बाहेर पडताना कोणी काही म्हणालं नाही, म्हणजे पुढच्या देशात म्हणणार नाही असं नसतं. तपासणारा प्रत्येक वेळी वेगळा, त्याचा मूडही वेगळा. (पेरूमधल्या माचू पिचूला पर्यटकांसाठी हौसेचा शिक्का ठेवलेला असतो, तो लोक पासपोर्टवर मारून घेतात. फोटो छान येतो. पण अधिकृत नसलेला शिक्का म्हणजे पानाशी केलेली छेडछाड, असं म्हणणारे अधिकारी आहेत. हौस वहीवर भागवा.)

तेव्हा माझं स्पष्ट मत: तुम्ही दोघांनीही पासपोर्ट आत्ता, व्हिसाच्या आधी, नवे करून घ्यावेत. त्यांचा दुबईसाठी, तुमचा त्या कडेसाठी.

पण वेळ पुरेल का? हे तुमच्या हातात आहे, पासपोर्ट कार्यालयाच्या थोडं अधिक. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. 6 मे च्या हिशेबाने शेवटचा दिवस 21 एप्रिल. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून 21 तारखेची वाट पाहू नका. 7 एप्रिलची वेळ आहे तीच चांगली आहे. म्हणजे नवे पासपोर्ट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात हवेत. आज नेहमीच्या पद्धतीने किती दिवस लागताहेत आणि तातडीच्या सेवेने किती, हे पासपोर्ट कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा, शेजाऱ्यांच्या अनुभवावर जाऊ नका. खराब झालेला पासपोर्ट बदलताना कधीकधी साध्या नूतनीकरणापेक्षा जास्त कागद मागतात, तेव्हा तुमचा अर्ज यजमानांच्या आधी भरा. आणि पासपोर्ट भिजला होता हे लपवू नका.

नवा पासपोर्ट येण्याआधी व्हिसा, विमा, दुबईच्या प्रवेशाची कागदपत्रं यांतलं काहीही जुन्या क्रमांकावर करू नका. नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो, त्यावरही पासपोर्ट क्रमांक असू शकतो. विमानाच्या बुकिंगमध्ये तुम्ही जुना क्रमांक दिला असेल तर तो बदलून घ्या. तिकीट रद्द करायची गरज नसते, नाव तेच असलं की झालं. नावाचं स्पेलिंग मात्र नव्या पासपोर्टवर अक्षर न् अक्षर तेच आलंय ना, हे पुस्तक हातात पडल्या पडल्या पाहा. नवा पासपोर्ट आल्यावर जुना फेकू नका.

आणि पासपोर्ट वेळेत आलेच नाहीत तर? तेव्हासाठी दुसरा मार्ग मनात ठेवा: दुबईच्या तीन रात्री काढून टाकायच्या आणि थेट परतायचं. यजमानांचा जुना पासपोर्ट युरोपला पुरतो हे आपण पाहिलंच. (तुमचा मात्र पुरेल असं मी म्हणणार नाही.) दुबईत फक्त विमान बदलायचं असेल, विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर नियम वेगळा असू शकतो, तो विमान कंपनीला तुमच्या दोघांच्या तारखा देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तिकिटं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली असतील तर या वाटेला जाऊच नका. सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर यायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, आणि मग पुन्हा तेच सहा महिने.

तिसरा मार्ग म्हणजे जसे आहोत तसे निघायचं. एजंटांचा मार्ग. तो मी सुचवत नाही, पण त्यांच्याशी भांडूही नका. एवढंच विचारा: "दुबईसाठी ह्यांचा 9 सप्टेंबरचा पासपोर्ट चालतो असं तुमच्या कंपनीच्या मेलवरून लिहून द्याल का?" पुढची शांतता पुरेशी बोलकी असेल.

याच वाटेवरच्या इतर वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते, कारण अशी पत्रं एकटी येत नाहीत. जुन्या पासपोर्टमध्ये दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल, समजा अमेरिकेचा, तर पासपोर्ट बदलला म्हणून तो मरत नाही. व्हिसा चालू असेल, पान फाटलेलं किंवा बिघडलेलं नसेल, तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन जाता येतं. पासपोर्ट जमा करताना व्हिसाच्या पानावर काही कापाकापी होणार नाही ना, एवढं तिथल्या तिथे बोलून घ्या. कागदावर न चिकटवता फक्त संगणकात असलेली परवानगी मात्र वेगळी. अमेरिकेची ईएसटीए किंवा कॅनडाची ईटीए पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेली असते. पुस्तक बदललं की ती नव्याने काढावी लागते. लोक इथे फसतात, कारण हातात काहीच नसतं, म्हणून काही बदललंय हे जाणवत नाही. आणि परदेशात पासपोर्ट हरवल्यावर वकिलातीतून मिळणारं तात्पुरतं प्रवासपत्र घरी परतण्यासाठी असतं. ते दाखवून पुढच्या देशात सहल चालू ठेवता येईल असं गृहीत धरू नका.

माहिती कुठून घ्यायची, हा प्रश्न उरतोच. जिथे जायचं त्या देशाच्या वकिलातीचं किंवा इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ पहिलं. मग विमान कंपनी. त्या दोघांचं जुळत नसेल तर जे जास्त कडक असेल ते धरायचं, कारण शेवटी तुम्हाला कंपनीच्याच काउंटरसमोर उभं राहायचं आहे. मार्गातला प्रत्येक देश वेगळा तपासायचा, एका रात्रीचा मुक्कामही. मित्रांनी फिरवलेले निरोप आणि दोन वर्षांपूर्वीची यादी यांवर तिकीट काढू नका. या सदरावरही नाही, नियम बदलतात.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की तुम्ही उगाच घाबरता का. नाही, पण थोडं चुकीच्या दिशेने घाबरत होता. "ह्यांना कसं समजावू" असं लिहिलंत, तेव्हा मला वाटलं, की ही गोष्ट त्यांच्या हट्टाची आणि तुमच्या शहाणपणाची अशी ठरून गेली आहे घरात. तसं असेल तर ते माघार घेणार नाहीत. कोणीच घेत नाही. त्याऐवजी आधी तुमचा पासपोर्ट टेबलावर ठेवा. "माझा बदलावा लागणार आहे, कड सुटली आहे, बरोबर तुमचाही टाकूया का अर्ज, एकाच फेरीत होईल," असं म्हणा. हरल्यासारखं त्यांना वाटणार नाही आणि खोटंही काही नाही.

आज संध्याकाळी नीट उजेडात दोन्ही पुस्तकं उघडा. फोटोच्या पानाची कड नखाने उचलून पाहायचा मोह होईल, तो टाळा. आहे तेवढीच सुटलेली राहू दे. काढल्याची तारीख, संपण्याची तारीख, खरोखर कोरी पानं किती, एवढं एका कागदावर लिहा. आणि त्या ठाम मैत्रिणीलाही फोन करून तिची पानं मोजायला सांगा. सहा महिन्यांचा नियम तिला पाठ आहे, पण तिने मोजली असतील असं मला वाटत नाही.